बढती मिळाली, सत्ता गेली : सोलापूरच्या महापौरपदाचा इतिहास

मार्च २०२२ मध्ये सोलापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. महापौर माजी महापौर झाल्या, नगरसेवक माजी नगरसेवक झाले आणि आयुक्तांकडे प्रशासकपद आले. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेनऊ लाख वस्ती असलेल्या या शहराच्या कारभारात एकही लोकनियुक्त सदस्य नव्हता.

या काळात तुमचे नेमके काय अडले, असे मी माझ्या काही सोलापूरकर मित्रमैत्रिणींना विचारले. बहुतेकांना उत्तर सुचेना. नळाला पाणी पूर्वीही काही दिवसांआड येत होते, नंतरही तसेच येत राहिले. रस्ते पूर्वीही खोदले जात होते, नंतरही खोदले गेले. एकाने मात्र प्रामाणिकपणे सांगितले, "नळ बिघडला की फोन करायला माणूस उरला नाही, एवढेच." त्याच्या मनात नगरसेवक होता. महापौरांची आठवण कोणालाच झाली नाही.

आजच्या धाग्याचा विषय हाच आहे. ज्या पदावाचून शहराचे काहीच अडत नाही, असे पद आपण शहराच्या शिरोभागी का बसवले? माझे मत आरंभीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वाद घालायचा आहे त्यांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. १९६४ मध्ये सोलापूरची नगरपालिका महानगरपालिका झाली, ती शहराची बढती समजली गेली. प्रत्यक्षात त्या बढतीत शहराच्या निवडून आलेल्या प्रमुखाचे अधिकार कमी झाले. आणि हे ज्या रचनेमुळे घडले, ती मुळात एकोणिसाव्या शतकातील मुंबई बंदराच्या गरजेतून आणि भांडणांतून जन्मलेली होती.

आधी शब्दाविषयी थोडेसे. 'मेयर'साठी 'महापौर' हा शब्द सावरकरांनी घडवला. 'पौर' म्हणजे नगरवासी, पुरात राहणारा. त्यांतला थोर तो महापौर. मराठीने या पदाला इंग्रजीपेक्षाही भारदस्त नाव दिले. लहानपणी मला महापौर म्हणजे दिव्याची गाडी, गळ्यातील हार आणि शाळेच्या बक्षीस समारंभातील मधली खुर्ची एवढेच ठाऊक होते. पदव्युत्तर वर्गात आल्यावर कायदा वाचायला घेतला, तेव्हा माझे बालपणीचे आकलन फारसे चुकीचे नव्हते हे ध्यानात आले.

आता मागे जाऊ.

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्याकडे नगरकारभार नव्हता, असे मुळीच नाही. पेठांतून शेटे-महाजन होते, पुण्यासारख्या ठिकाणी कोतवाली होती. परंतु 'नगरपालिका' नावाची, कायद्याने उभी राहिलेली, कर बसवणारी संस्था मुंबई इलाख्यात आली ती १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने. हा कायदा ऐच्छिक होता. रहिवाशांनी मागणी केली तर सरकार तो त्या गावाला लागू करी. हिंदुस्थानात या कायद्याचा सर्वाधिक उपयोग मुंबई इलाख्यानेच केला आणि सोलापूरची नगरपालिका त्याच दशकाच्या आरंभीची आहे. म्हणजे १८५७ च्या उठावापूर्वीची. आपल्या अनेक शहरांना आपली नगरपालिका आपल्या रेल्वे स्थानकापेक्षा जुनी आहे, हे माहीत नसते.

या आरंभीच्या नगरपालिकांचे स्वरूप काय होते? अध्यक्षस्थानी सामान्यतः कलेक्टर, भोवती सरकारने नेमलेले अधिकारी आणि गावातील प्रतिष्ठित सावकार-व्यापारी. उत्पन्नाचा मोठा वाटा जकातीचा. कामे म्हणजे दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते, पाणी. लोकशाही म्हणावे असे त्यात काही नव्हते. कलेक्टरच्या डोक्यावरील काही खर्च गावाच्या खिशातून भागवण्याची ती सोय होती.

सोलापूर मात्र झपाट्याने बदलत होते. हिप्परग्याजवळचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. १८७० च्या दशकातच पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला सोलापूरकर पुढे कायम 'जुनी गिरणी' म्हणत राहिले. तेलुगु भाषक विणकर, कानडी व्यापारी, मराठी आणि दख्खनी बोलणारे कामगार अशी चार भाषांची वस्ती दाटत गेली. बाजारपेठेचे गाव गिरणगाव झाले आणि पाणी, गटारे, साथीचे रोग हे प्रश्न कलेक्टरच्या फावल्या वेळेत सुटण्यासारखे राहिले नाहीत.

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारचा प्रसिद्ध ठराव आला. परीक्षेपुरता तो आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे. पण त्यातील खरा मुद्दा पाठांतरात हरवतो. स्थानिक संस्था लोकांच्या हाती दिल्या तर कारभार लगेच सुधारेल, असा रिपनचा दावा नव्हता. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा त्याचा मुख्य हेतू होता. चुका होतील हे त्याने गृहीतच धरले होते. हे वाक्य मनात ठेवा, कारण पुढे आपल्याच सरकारांनी याच्या नेमका उलट युक्तिवाद केलेला आपण पाहणार आहोत.

रिपननंतर १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत निम्मे सभासद निवडून येऊ लागले. मतदार अर्थातच कर भरणारे, मूठभर. तरीही त्या मुठीतून काय निघू शकते, याचा दाखला त्याआधीच पुण्यात मिळाला होता. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. तरी व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेने पैसा उधळू नये, तो शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. सरकारनियुक्त सभासद सरकारच्याच पाहुण्याच्या आतिथ्याला विरोध करतो, ही गोष्ट मला नगरपालिकांच्या इतिहासात फार मोलाची वाटते.

आता धाग्यातील सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणी येऊ. त्यासाठी सोलापूर सोडून काही काळ मुंबईला जावे लागेल, कारण सोलापूरच्या महापौरांचे भवितव्य मुंबईत, त्यांचे पद अस्तित्वात येण्याच्या शतकभर आधी ठरले.

१८६५ च्या कायद्याने मुंबईत म्युनिसिपल कमिशनर हे पद आले. या पदावर आर्थर क्रॉफर्ड बसला. होय, ज्याच्या नावाचा बाजार आहे तोच. माणूस धडाक्याचा होता. त्याने रस्ते रुंदावले, बाजार बांधला, घाण उपसली, शहराचा मृत्युदर कमी करण्याचा चंग बांधला. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. त्याच्यावर देखरेख ठेवणारी 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळी होती, मात्र प्रत्यक्षात लगाम कोणाच्याच हाती नव्हता. कर वाढले, कर्ज वाढले आणि १८७१ मध्ये मुंबईचे करदाते खवळून उठले.

(याच क्रॉफर्डवर पुढे १८८८ मध्ये मध्य विभागाचा महसूल आयुक्त असताना लाचखोरीचे आरोप झाले आणि त्या प्रकरणात अडकलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लढवली. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, कधीतरी लिहीन.)

करदात्यांची मागणी साधी होती. कमिशनरचे अधिकार काढा आणि कारभार समितीच्या हाती द्या. या मागणीला विरोध कोणी करावा? पंचविशीच्या आसपासच्या एका तरुण बॅरिस्टरने, फिरोजशहा मेहता यांनी. मेहतांचे म्हणणे असे की, समितीच्या हातात अंमलबजावणी गेली तर जबाबदार कोणीच राहत नाही. अंमल एकाच अधिकाऱ्याकडे असावा, मात्र त्याच्यावर खरा वचक ठेवणारे सभागृह लोकांनी निवडलेले असावे. दोष कमिशनरच्या अधिकारात नसून सभागृह लोकनियुक्त नाही यात आहे, असे त्यांनी मांडले.

१८७२ च्या कायद्याने मुंबईला ६४ सदस्यांचे सभागृह मिळाले, त्यातील निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता, ही रचना पक्की झाली. धोरण आणि पैसा सभागृहाकडे, पैशावर बारीक नजर स्थायी समितीकडे, अंमलबजावणी सरकारनियुक्त आयुक्ताकडे. सभागृहाचा अध्यक्ष होता, पण तो सभा चालवणारा. मुंबईत या अध्यक्षाला 'मेयर' म्हणू लागले ते थेट १९३१ पासून. नाव बदलले, अधिकार वाढले नाहीत.

मला मेहतांना दोष द्यायचा नाही. १८७१ मध्ये त्यांचा युक्तिवाद समर्थनीय होता. सरकार परके होते. त्या सरकारकडून पूर्ण सत्ता मिळणार नव्हतीच, तेव्हा वचक तरी मिळवावा, हे व्यवहारी शहाणपण होते. प्रश्न पुढचा आहे. सरकार आपले झाल्यावरही आयुक्त 'त्यांचा' आणि सभागृह 'आपले' ही विभागणी आपण का जपली?

आणि दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता असेही नाही. कलकत्त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी मंत्री असताना केलेल्या १९२३ च्या कायद्याने मुख्य कार्यकारी अधिकारी निवडण्याचा अधिकार सभागृहाकडे दिला. १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले आणि त्यांच्या सभागृहाने त्या पदावर सुभाषचंद्र बोस यांना नेमले. अहमदाबादेत वल्लभभाई पटेल, अलाहाबादेत जवाहरलाल नेहरू नगरपालिकेच्या अध्यक्षपदी होते. १९२० च्या दशकातील नगरपालिका ही राष्ट्रीय चळवळीची तालीम होती.

आता परत सोलापूरला.

१९२५ च्या बरो म्युनिसिपालिटी कायद्यानंतर सोलापूर ही 'बरो' नगरपालिका झाली. तेथे अध्यक्ष हा सभासदांतून आलेला, आणि मुख्याधिकारी नेमण्याचा अधिकार प्रामुख्याने नगरपालिकेकडेच. म्हणजे आकाराने मुंबईपुढे किरकोळ असलेल्या सोलापूरच्या नगरपालिकेला आपल्या कारभारावर मुंबईच्या सभागृहापेक्षा एका अर्थी अधिक हुकमत होती.

त्या हुकमतीचा उपयोग ६ एप्रिल १९३० रोजी दिसला. दांडीला गांधीजींनी मीठ उचलले त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा फडकला. पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते तो फडकवण्यात आला, असे महानगरपालिका आजही अभिमानाने सांगते. 'झेंडा फडकवणारी भारतातील पहिली नगरपालिका' असा दावाही त्यासोबत येतो.

येथे इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला थोडे थांबणे भाग आहे. जबलपूरच्या नगरभवनावर झेंडा लावण्यावरून १९२२-२३ मध्येच मोठा वाद पेटला होता आणि त्यातूनच नागपूरचा झेंडा सत्याग्रह उभा राहिला. तेव्हा 'पहिली' या शब्दाविषयी जपून बोलावे. आपल्या गावाच्या प्रेमापोटी आपण इतिहासाला शर्यतीचे मैदान करतो, ही माझी जुनी तक्रार आहे. सोलापूरची गोष्ट पहिली नसली तरी तिचे तेज उणे होत नाही.

कारण पुढे काय घडले ते पाहा. मेच्या आरंभी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात जमावावर गोळीबार झाला, माणसे मेली, संतप्त जमावाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले, पोलीस मारले गेले. सरकारी यंत्रणा शहरातून जवळजवळ नाहीशी झाली. ९ ते ११ मे हे तीन दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. शहराध्यक्ष रामकृष्ण जाजू यांच्या पुढाकाराने सुव्यवस्था राखली गेली. १२ मे रोजी लष्करी कायदा आला. गांधी टोपी घालणे आणि झेंडा बाळगणे हीसुद्धा त्या आठवड्यांत संकटाला आमंत्रण देणारी गोष्ट ठरली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. हुतात्मा पुतळ्यांच्या चौकातून जाताना आजही नजर त्या चौघांकडे वळते.

हा इतिहास सोलापुरात प्रत्येक जण शाळेत शिकतो. पण तो आपण स्वातंत्र्यलढ्याच्या कप्प्यात ठेवतो, नगरपालिकेच्या कप्प्यात ठेवत नाही. माझ्या दृष्टीने ६ एप्रिलची घटना नगरकारभाराच्या इतिहासातही तितकीच मोठी आहे. गावाने निवडलेली एक संस्था, आपल्या इमारतीवर काय फडकेल हे मी ठरवीन, असे जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याला सांगत होती. रिपनच्या राजकीय शिक्षणाचा हा निकाल होता, रिपनने कल्पनाही केली नसेल असा.

स्वातंत्र्य आले आणि मुंबई सरकारने १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका कायदा केला. १९५० मध्ये पुणे आणि अहमदाबाद त्याखाली आले. या कायद्याचा सांगाडा १८८८ च्या मुंबई कायद्यावरून घेतलेला होता. मेहतांनी परक्या सरकारशी केलेली तडजोड आता स्वतंत्र देशाच्या शहरांना आदर्श म्हणून लागू झाली. १ मे १९६४ रोजी सोलापूरही महानगरपालिका झाले. शहराला प्रथमच महापौर मिळाले.

काय मिळाले आणि काय गेले, ते कायद्यातच पाहू. कलम ४ मध्ये या कायद्याची अंमलबजावणी कोणकोणत्या 'महानगरपालिका प्राधिकाऱ्यां'कडे आहे, याची यादी आहे. त्यात महानगरपालिका म्हणजे सभागृह आहे, स्थायी समिती आहे, आयुक्त आहेत. शहराची स्वतःची बससेवा असेल तर परिवहन व्यवस्थापकही त्या यादीत येतात. महापौर त्या यादीत नाहीत. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पान चुकले असेल म्हणून पुन्हा उलटून पाहिले.

कलम ६७ प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकारकडून. अंदाजपत्रकाचा पहिला आराखडा आयुक्त मांडणार, तो जाणार स्थायी समितीकडे, आणि स्थायी समितीचा सभापती वेगळा, महापौर नव्हे. याउलट लहान शहरांच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात नगराध्यक्ष हाच स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती असतो. म्हणजे पंढरपूर-बार्शीच्या नगराध्यक्षांचा नगरपरिषदेच्या पैशाच्या चर्चेवर जो हात असतो, तोही सोलापूरच्या महापौरांचा नाही.

त्याखेरीज कलम ४५१ आहे. महानगरपालिकेने केलेला ठराव राज्य सरकार निलंबित करू शकते, विखंडित करू शकते. 'विखंडन' हा शब्द आपण सोलापूर-पुण्याच्या बातम्यांत इतक्या सहजपणे वाचतो की त्यातील अर्थ बोथट झाला आहे. निवडून आलेल्या सभागृहाचा निर्णय मंत्रालयातील एका सहीने रद्द होतो, असा त्याचा अर्थ.

बरे, सभागृहाला आयुक्तांवर काहीच वचक नाही का? आहे. कलम ३६ नुसार एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर सरकारने आयुक्तांना परत बोलवावे. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने तत्कालीन आयुक्तांविरुद्ध असा ठराव प्रचंड बहुमताने केला. सरकारने तो अमलात आणला नाही. आयुक्तांची बदली झाली ती काही महिन्यांनी, सरकारच्या सोयीने.

येथे बहुतेक वाचक मला थांबवतील हे ठाऊक आहे. नवी मुंबईच्या त्या आयुक्तांच्या बाजूने लोक रस्त्यावर उतरले होते. नगरसेवकांपेक्षा आयुक्त बरे, ठेकेदारांच्या हातात शहर देण्यापेक्षा एखादा कडक सनदी अधिकारी बरा, असे आपल्यापैकी अनेकांना मनापासून वाटते. माझ्या घरीही हेच मत आहे आणि जेवणाच्या ताटावर मी हा वाद अनेकदा हरले आहे.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. निवडून आलेल्या माणसांनी टक्केवारीत शहरे बुडवल्याची उदाहरणे आहेत. परंतु एक गोष्ट विचारात घ्या. ज्या नगरसेवकाकडे धोरण ठरवण्याची ताकद नाही, अंमलबजावणीची जबाबदारी नाही, अपयशाचा जाब नाही, त्याच्याकडे उरते काय? अडवण्याची ताकद. फाईल रोखता येते, निविदेत लक्ष घालता येते, बदलीसाठी शब्द टाकता येतो. जबाबदारीविना अडवणुकीची शक्ती दिली तर तिचा व्यापार होणार, यात आश्चर्य कसले? शंभर वर्षांच्या या रचनेने जसा नगरसेवक घडवला, तोच पुढे करून आपण तीच रचना योग्य ठरवतो.

आयुक्तांचेही पाहा. कायद्यात तीन वर्षांची मुदत असली तरी बदल्या लवकर होतात. शहराच्या पाण्याचा, सांडपाण्याचा प्रश्न दहा-वीस वर्षांचा असतो. उजनी धरण शहरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, तेथून जलवाहिनी आणायची, वाढत्या हद्दीत ती वाटायची. १९९२ च्या हद्दवाढीत सोलापूरचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेले. पाचपटींहून अधिक वाढलेल्या या शहराला पाणी कधी आणि कसे मिळेल, याचे उत्तर देण्यास बांधलेला एक माणूस कोण? आयुक्त बदलून जातात. महापौरांना अधिकार नाही. पालकमंत्री मुंबईत.

हे बदलण्याचा एक प्रयत्न झाला होता, तो फार थोड्यांना आठवतो. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर येथे 'मेयर-इन-कौन्सिल' पद्धत आणली गेली. महापौर आणि त्याचे मंडळ यांच्याकडे मंत्रिमंडळासारखा कार्यकारी अधिकार. वर्षभराच्या आतबाहेर, १९९९ मध्ये, ती गुंडाळलीही गेली. तीत दोष होते, विरोधकांना स्थान उरत नव्हते. परंतु दीडशे वर्षांच्या रचनेला एवढी अल्प संधी द्यायची आणि मग 'प्रयोग फसला' म्हणायचे, हा न्याय मला पटत नाही.

एका बाबतीत मात्र या पदाने खरोखर मोठी मजल मारली. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि महापौरपदाला फिरते आरक्षण आले. सोलापुरात २०१२ ते २०२२ या दशकात अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी आणि श्रीकांचना यन्नम अशा लागोपाठ चार महिला महापौर झाल्या. १८५० च्या दशकात कलेक्टर आणि सावकार ज्या मेजाभोवती बसत, तेथपासून इथवरचा हा प्रवास सामान्य नाही. माझी खंत वेगळी आहे. खुर्चीचे दार सर्वांना उघडले तेव्हा खुर्चीतला अधिकार केव्हाच दुसऱ्या दालनात नेऊन ठेवलेला होता. अडीच वर्षांची मुदत, मग पुढची सोडत. इतक्या काळात नव्याने आलेली व्यक्ती महानगरपालिकेचे अंदाजपत्रक नीट वाचायला शिकेपर्यंत निरोप समारंभ येतो.

'स्मार्ट सिटी'ने दुसरी एक गोष्ट केली. जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर होते, त्याचा आनंद आम्हां सर्वांना झाला होता. पण त्या योजनेचा पैसा महानगरपालिकेच्या सभागृहातून गेला नाही. त्यासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. शहराचा रस्ता कोणता खोदायचा हे आता सभागृहाऐवजी संचालक मंडळ ठरवू लागले.

आणि मग २०२२ पासूनचा प्रशासक काळ. राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात महानगरपालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले आणि तीन वर्षांहून अधिक काळ राज्यभरातील महानगरपालिका प्रशासकांकडे राहिल्या. या काळात आयुक्तच प्रस्ताव मांडणार, प्रशासक म्हणून स्थायी समितीच्या जागी तेच तो तपासणार आणि सभागृहाच्या जागीही तेच तो मंजूर करणार. १८६५ च्या क्रॉफर्डवर निदान जस्टिस मंडळींची तरी नजर होती.

शेवटी एक ताजे उदाहरण सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे सोलापूरसारखेच कापडाचे, यंत्रमागांचे शहर. २०१६ मध्ये तेथील मतदारांनी नगराध्यक्षांची निवड थेट केली. प्रत्येक मतदाराने आपल्या शहराच्या प्रमुखासाठी स्वतंत्र बटण दाबले. २०२२ मध्ये इचलकरंजी महानगरपालिका झाली. अभिनंदनाचे फलक लागले, पेढे वाटले गेले. त्याच वर्षी राज्य सरकारने नगरपरिषदांसाठी थेट नगराध्यक्ष निवडीची तरतूद पुन्हा आणली. महानगरपालिका झाल्यामुळे इचलकरंजीला ती लागू नाही. वडगाव, कुरुंदवाडचा मतदार आपला नगराध्यक्ष स्वतः निवडू शकतो. इचलकरंजीचा मतदार आपला महापौर निवडू शकत नाही.